प्रकल्पात ‘माझं मत’ कुठून आणू?

मॅडम, सा. न. वि. वि.

मी टीवायबीएला आहे, मराठी स्पेशल. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात शिकते. घरी केळीची शेती. एफवाय-एसवायला गाइड आणि सीनियरच्या नोट्सवर चांगले मार्क पडले. यंदा प्रकल्प आहे, माझा विषय ‘बालकवींची निसर्गकविता’. लायब्ररीतली पाच-सहा पुस्तकं आणून चाळीस पानं लिहिली. सरांनी ती परत दिली आणि पहिल्याच पानावर लिहिलं, ‘यात तू कुठे आहेस?’ एवढ्या मोठ्या समीक्षकांनी लिहून ठेवल्यावर माझं वेगळं मत काय असणार? साहित्यविचाराचा पेपर तर डोक्यावरून जातो. मैत्रिणी म्हणतात, एआयकडून लिहून घे, कुणाला कळतंय. बाबा म्हणतात, कविता वाचून पोट भरत नाही, बीएडचा फॉर्म भर. शिवाय घरची बोली वेगळी, त्यामुळे लिहिताना हात आखडतो. आणि खरं सांगू, शाळेत कविता फार आवडायच्या. चिरफाड करून करून आता आवडेनाशा झाल्यात. काय करू?

– एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

सरांचा शेरा तुझ्या मनाला लागला असणार. मला मात्र त्या सरांविषयी आदर वाटला. पानं मन लावून वाचल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही. नुसती सही करून त्यांनी फाइल परत दिली असती, तर तुझं वर्ष निर्विघ्न पार पडलं असतं आणि तू बीए होऊनही कविता वाचायला शिकली नसतीस.

आधी एवढं कर. ती चाळीस पानं समोर घे आणि त्यांत बालकवींच्या स्वतःच्या ओळी किती आहेत, त्या पेन्सिलीने अधोरेखित कर. माझा अंदाज सांगते. पहिली काही पानं चरित्राची असतील: धरणगावचा जन्म, 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात मिळालेली ‘बालकवी’ ही पदवी, 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली झालेला मृत्यू. मग ‘निसर्गाशी तादात्म्य’, ‘कोमल कल्पनाविलास’ असे शब्द. मग अमुक समीक्षक असं म्हणतात, तमुक तसं म्हणतात. आणि कवितेच्या ओळी नमुन्यादाखल, परिच्छेदाच्या शेवटी चिकटवलेल्या.

पहिल्या दोन वर्षांत हे खपतं, कारण तेव्हा ‘काय काय सांगितलं गेलं आहे ते सांगा’ एवढंच विचारलेलं असतं. तिसऱ्या वर्षी मागणी बदलते, पण ती बदलल्याचं कुणी सांगत नाही आणि तुझ्यासारखी कष्टाळू मुलं गोंधळून जातात. आता मागणी अशी असते, की तू जे विधान करशील ते कवितेत कुठे दिसतं ते बोट ठेवून दाखव. ‘मत’ या शब्दाचा तू फार मोठा बागुलबुवा करून ठेवला आहेस. आजवर कुणीच न मांडलेलं काही तुझ्याकडून कुणी मागत नाहीये. तू वाचलंस, तुला काही दिसलं, आणि ते तुला दुसऱ्यालाही दाखवता आलं, की त्या पानात तू आलीस.

हे नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून एक कविता घेऊनच बसू. तुझ्याच विषयातली, आठ ओळींची, ‘औदुंबर’:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनी अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनी चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

सगळी पुस्तकं मिटून ठेव. ही कविता कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून काढ, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. मोठ्याने म्हण. मग अर्थाकडे न जाता आधी फक्त रंग शोध. ‘हिरवाळी’, ‘निळासावळा’, ‘हिरवी’, ‘पांढरी’, ‘हिरव्या’, ‘काळ्या’, ‘काळिमा’. हिरवा तीनदा आला आहे, पहिल्या तिन्ही द्विपदींत एकेकदा. शेवटच्या दोन ओळींत तो नाही. आता जरा थांब. शेवटच्या ओळीत झाड आहे. तू खानदेशातली, पाण्याकाठचा उंबर किती गर्द असतो हे तुला कुणी सांगायला नको. तरीही सगळीकडे हिरवा रंग सढळ हाताने देणाऱ्या कवीने त्या झाडालाच हिरवं म्हटलेलं नाही. का?

उत्तर लगेच देऊ नकोस. प्रश्न समासात लिहून ठेव आणि आता क्रियापदांकडे ये. झरा ‘वाहतो’. पायवाट ‘पडे’, मग ‘चालली’. काळिमा लाटांवर ‘पसरी’. सगळं हलतं आहे, सरकतं आहे, आणि अगदी शेवटी ‘बसला’. गाव ‘टेकडीकडे’ आहे, वाट ‘डोहाकडे’ चालली आहे, म्हणजे आपली नजर वरून खाली, घरांकडून पाण्याकडे, एकाच दिशेने उतरवली जाते. गाव आहे, शेतं आहेत, मळे आहेत, पण माणूस एकही नाही. पायवाट आहे आणि तिच्यावर पाऊल नाही. पाय येतो तो थेट शेवटच्या ओळीत, आणि तो झाडाचा.

हे सगळं बघायला काय लागलं? एकही संदर्भग्रंथ नाही. पेन्सिल लागली आणि घाई न करणं लागलं. तुझ्या सरांना ‘तू’ हवी आहेस ती इथे.

आता या निरीक्षणांचं करायचं काय, तेही बघू. तुझ्या पुस्तकांत या कवितेचे वेगवेगळे अर्थ असतील. कुणाला हे निखळ निसर्गचित्र वाटलं, कुणाला त्यात उदासी दिसली, कुणाला विरक्त योगी, कुणाला मृत्यूची चाहूल. तू ही सगळी मतं एकाखाली एक लिहून ‘अशा प्रकारे ही कविता बहुअर्थी आहे’ असं म्हणून पुढे गेली असशील. पुढे जाऊ नकोस. त्यांतलं एक मत घे आणि तुझ्या कागदावर तपासून बघ. मृत्यूची चाहूल म्हणतात, तर बाजूने काय मिळतं? हिरवा संपून काळा येतो, हालचाल थांबते, वाट डोहापाशी जाऊन संपते. आणि विरुद्ध काय? ‘गोड’. काळिमा गोड आहे. जो मृत्यूचा अर्थ लावेल त्याला या शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. निखळ निसर्गचित्र म्हणणाऱ्याला गोड काळिमा चालेल, पण मग त्या न रंगवलेल्या झाडाचं काय? असं प्रत्येक मत कवितेसमोर उभं केलंस, की कुठलं किती टिकतं ते तुझं तुलाच दिसू लागेल, आणि कुठल्या समीक्षकाचं नाव किती मोठं याचं दडपण आपोआप कमी होईल.

एका मोहापासून मात्र जप. कवी ऐन तारुण्यात रेल्वेखाली गेला हे आपल्याला माहीत आहे, म्हणून काळ्या डोहात मृत्यू बघणं फार सोपं जातं. लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. चरित्रातली गोष्ट कवितेत पुरावा म्हणून आणायची, तर ती कवितेनेही बोलून दाखवायला हवी. नाहीतर प्रत्येक ओळीवर भादलीची सावली पडते आणि कविता वाचायची राहूनच जाते. चरित्र अर्ध्या पानात आटप. परीक्षकांनाही ते पाठ असतं.

आणि ही कविता एकटी वाचू नकोस. शेजारी बालकवींचीच ‘पारवा’ ठेव. ‘भिंत खचली कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा, तिच्या कौलारी बसुनि पारवा तो, खिन्न नीरस एकांतगीत गातो.’ तिथेही एक बसलेला जीव आहे. पण तिथे ‘खिन्न’ आहे, ‘नीरस’ आहे, ‘उद्ध्वस्त’ आहे, म्हणजे मनाची अवस्था कवी नाव घेऊन सांगतो. त्यांच्याच ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’ यात तर सगळंच उघड आहे. ‘औदुंबर’मध्ये असा एकही शब्द नाही. जिव्हाळ्याचे म्हणता येतील असे शब्द दोनच, ‘चिमुकले’ आणि ‘गोड’. तरी वाचून झाल्यावर मनात जे उरतं ते ‘पारवा’पेक्षा कमी गडद नसतं. ते कसं घडतं? हा प्रश्न तुझ्या प्रकल्पाचं एक पूर्ण प्रकरण होऊ शकतो. मी जे वर मांडलं ते उचलू नकोस, ते माझं आहे. दुसरी कविता घे आणि हेच काम तुझ्या डोळ्यांनी कर. ‘फुलराणी’ घे, ‘निर्झरास’ घे. तिथे रंगांऐवजी तुला आवाज दिसतील, नाती दिसतील, आणखी काही दिसेल.

आता साहित्यविचाराच्या पेपरकडे वळते, कारण तो डोक्यावरून जातो याचं कारणही हेच आहे. तू अभिधा, लक्षणा, व्यंजना (शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ देणाऱ्या शक्ती) यांच्या व्याख्या पाठ करतेस आणि ‘गंगेवर गवळीवाडा’ हे एकच उदाहरण लिहून येतेस. ते उदाहरण शास्त्रकारांनी त्यांच्या काळातल्या बोलण्यातून घेतलं होतं. तू तुझ्या घरातलं घे. ‘सगळं गाव जत्रेला लोटलं’, ही लक्षणा. गाव जागचं हलत नाही, माणसं जातात. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने व्यंजनेसाठी ‘सूर्य मावळला’ एवढं एकच वाक्य घेऊन दाखवलं आहे, की ऐकणारा बदलला की त्यातून निघणारा अर्थही बदलतो: गुराख्याला गुरं घरी न्यायची आठवण होते, दुकानदाराला माल आवरायची. तुझी आई संध्याकाळी दारात उभी राहून ‘अंधार पडला गं’ म्हणते, तेव्हा ती तुला हवामान सांगत नसते. ही व्यंजना तू रोज ऐकतेस.

आणि मघाशी ‘औदुंबर’मध्ये आपण काय शोधत होतो? उदासीचा शब्दही न उच्चारता ती पोचवणारं काहीतरी. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन ‘ध्वनी’ म्हणून ज्याची मांडणी करत होता, ते हेच. सगळ्यांत महत्त्वाचा अर्थ सांगितला जात नाही, सुचवला जातो. रसाचंही तसंच. ‘विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती’ म्हणजे भावना जागवणारी कारणं, ती दाखवणारे हावभाव आणि येत्याजात्या भावना यांच्या मेळातून रस तयार होतो, हे ‘नाट्यशास्त्र’कार भरताचं सूत्र नाटकासमोर बसून तयार झालेलं आहे. ज्या कवितेत माणूसच नाही, तिथे ते कसं लावायचं? अनुभाव कुणाचे? शांतरस म्हणायचं का, आणि भरताने मुळात आठच रस सांगितले आहेत, त्यांत शांत नाही, त्याचं काय करायचं? यावर तुला अडायला झालं तर ते पेपर कळल्याचं लक्षण समज. या सूत्राचा अर्थ लावणाऱ्या भट्टलोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त यांची चार मतं चार चौकटींत लिहिण्यापेक्षा त्यांच्यातला वाद समजून घे: रस नेमका असतो कुठे, पात्रात, नटात की प्रेक्षकात? मग कोण कुणाला का खोडतो ते लक्षात राहतं, पाठ करावं लागत नाही.

समीक्षकांना सोडून दे असं मी म्हणत नाही. स्वतःचा कागद भरून झाला की ती पाच-सहा पुस्तकं पुन्हा उघड. आता ती वेगळी वाचली जातील, कारण तुझ्याजवळ विचारायला प्रश्न असेल. जिथे समीक्षकाला तुझ्या आधी तेच दिसलं आहे तिथे प्रामाणिकपणे नाव घे, पुस्तक आणि पान दे. जिथे पटत नाही तिथे ‘मला असं वाटत नाही’ एवढ्यावर न थांबता ओळ दाखव. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातले पीएचडीचे प्रबंध सूची पाहण्यासाठी, कुणी काय वाचलं आहे हे कळण्यासाठी जरूर बघ; त्यातले परिच्छेद उचलू नकोस. शब्दावर अडलीस तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. ‘बेट’ म्हणजे पाण्यातली जमीन, तसंच झाडाझुडपांचा, बांबूंचा पुंजकाही. ‘बेटाबेटांतुन’ वाहणारा झरा मग तुला वेगळा दिसतो की नाही, बघ.

मैत्रिणींच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. एआय तुला ‘निसर्गाशी तादात्म्य’वालीच चाळीस पानं देईल, जरा जास्त गुळगुळीत. शिवाय कवीने कधी न लिहिलेल्या ओळीही त्याच्या नावावर घालेल आणि त्या तुझ्या नावाने छापल्या जातील. तुझ्या सरांनी विचारलेल्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळणं शक्यच नाही.

बोलीबद्दल तू एका वाक्यात लिहिलंस, पण मला तिथे थांबावंसं वाटतं. ‘आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर’ असं म्हणणाऱ्या बहिणाबाई तुझ्याच जिल्ह्यातल्या, आसोद्याच्या. ‘मियते’, म्हणजे मिळते. तुमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. घरी लेवा बोली असेल तर तुझ्या शेतात ‘केयी’ असतील, केळी नसतील. भाषाविज्ञानाच्या पेपरला ध्वनिपरिवर्तनाची उदाहरणं लागतात, आणि पुण्यामुंबईची मुलं ती पुस्तकातून घोकतात. तुझ्या घरात ती जेवताना बोलली जातात. ती वहीत उतरव, आजीचे शब्द विचारून घे. प्रकल्प प्रमाण मराठीत लिही, तो त्या लेखनाचा संकेत आहे आणि सरावाने जमतो. वाक्य छोटं ठेव, जे म्हणायचं ते सरळ म्हण. हात आखडतो तो बोलीमुळे नाही, दुसऱ्यांची जड वाक्यं आपल्या तोंडी घालायला गेल्यामुळे आखडतो.

बाबांची काळजी खरी आहे, ती झटकून टाकू नकोस. मराठीत एमए करून सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली कितीतरी मुलं कॉलेजांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतात, हे तुला आजच ठाऊक असलेलं बरं. तेव्हा बाबांशी भांडण्याऐवजी माहिती घेऊन बस. बीएड हा साहित्याचा शत्रू नाही. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमए आणि बीएड दोन्ही लागतं. सीनियर कॉलेजचा विचार असेल तर एमएला खुल्या गटात किमान 55 टक्के आणि राखीव गटात 50 टक्के हवेत, मग सेट किंवा नेट. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे, आणि तिथेही आपलं म्हणणं संहितेच्या आधाराने मांडणाऱ्याचाच निभाव लागतो. भाषांतर, मुद्रितशोधन, संपादन यांतही कामं आहेत. पैसे बेताचे, पण नीट वाचता येणारी माणसं तिथे खरोखर कमी आहेत. यांतलं काय निवडायचं ते निकालानंतर ठरव. बीएडच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरून ठेवल्याने काही बिघडत नाही, बाबांनाही बरं वाटेल.

राहिली ती कविता आवडेनाशी झाल्याची गोष्ट. चिरफाडीने ती मेली असं तुला वाटतं. मला वाटतं, गेली दोन वर्षं तू कविता वाचलीच नाहीस, कवितेविषयी वाचलंस. शाळेत तू ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ मोठ्याने म्हणायचीस, आता फक्त तिची वैशिष्ट्यं लिहितेस. आज रात्री वर सांगितल्याप्रमाणे एक कविता उतरवून बघ आणि मग मला सांग.

सरांकडे जाताना जुनी फाइल नेऊ नकोस. विषय अरुंद करून माग. ‘बालकवींची निसर्गकविता’ हा जन्मभर पुरणारा विषय आहे, एका वर्षाच्या प्रकल्पाला चार-पाच कविता पुष्कळ झाल्या. त्या कुठल्या आणि त्याच का, हे एका पानात लिही. सोबत त्यांतल्या एका कवितेवर दोन पानं, ज्यांत एकाही समीक्षकाचं नाव नसेल आणि प्रत्येक परिच्छेदात कवितेची निदान एक ओळ असेल. अशी तीन पानं सरांपुढे ठेव, आणि जमलं तर एक प्रत मलाही पाठव. मी ती नक्की वाचेन.